डावीकडे ओढतेय ना, मग उजवीकडे बघा

जुनी गाडी चालवणाऱ्याला ब्रेक दाबताना दोन प्रश्न पडतात. थांबेल का, आणि थांबलीच तर तोंड कोणत्या दिशेला असेल? दुसऱ्या प्रश्नावर सल्ला द्यायला माणसं कमी पडत नाहीत. एक म्हणतो अलाइनमेंट करा, दुसरा म्हणतो ब्रेकचे शू बदला, तिसरा सरळ गाडी विकायला सांगतो. एकमत फक्त एकाच गोष्टीवर: गाडी डावीकडे ओढते, म्हणजे घोटाळा डावीकडेच.

मला त्या डाव्या चाकाची कीव येते. बहुतेक वेळा जोडीतला तोच एक बैल राबत असतो आणि आर त्यालाच टोचली जाते. ब्रेक जिथे जास्त लागतो तिकडे गाडी वळते. तेव्हा उजवं चाक अंगचोरपणा करतंय का, हे आधी बघायचं. डावा ब्रेकच फाजील उत्साहानं धरतोय असंही होतं, पण संशयाचा क्रम हाच.

ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा आणि आतून शू घासून थांबणारा ब्रेकचा डबा, खोलायची खुमखुमी जरा आवरा. टायर गार असताना पुढच्या दोन्हींतली हवा मोजा. एकीकडे रेडियल टायर आणि दुसरीकडे जुन्या पद्धतीचा क्रॉसप्लाय असेल, तर ब्रेकला बोल लावू नका. मग दोन्ही चाकं आपसांत बदलून फेरी मारा. ओढही बाजू बदलून आली, तर टायर दोषी.

तसं झालं नाही, तर मागच्या चाकांना उटी लावा, पुढची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर ठेवा, कुणाला तरी पेडल हलकेच दाबायला सांगा आणि चाकं हातानं फिरवा. हे ‘हलकेच’ मदतनिसाला तीनदा सांगावं लागतं. हवेत उभ्या गाडीतही माणूस समोर ट्रक आल्यासारखा पाय देतो, दोन्ही चाकं गच्च होतात आणि परीक्षाच रद्द होते. हलक्या दाबाला एक चाक धरलं आणि दुसरं फिरतच राहिलं, की आळशी सापडला.

आता ड्रम काढा. आतल्या धुळीवर हवा मारू नका, जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. ऑइलच्या दाबानं शू ढकलणाऱ्या सिलिंडरचं रबरी टोपण (बूट) उचललं आणि आत ओल दिसली, तर आतला रबरी वॉशर गळतोय. गंजलेला पिस्टन शूला ड्रमपर्यंत पोचूच देत नाही. पुढच्या चाकात दोन लीडिंग शू, म्हणजे ड्रम फिरतो त्याच दिशेनं लागणारे शू, असतील तर सहसा प्रत्येक शूचा सिलिंडर वेगळा असतो. एक अडकला तरी दुसरा चाक थांबवतो आणि मालक ‘ब्रेक तर लागतोय’ म्हणत समाधानी राहतो. ड्रमच्या फिरण्यानं लीडिंग शू ड्रमवर आणखी दाबला जातो, म्हणून दोन बाजूंच्या घर्षणातला बारीक फरकही स्टिअरिंगवर मोठा होऊन येतो. डिस्क ब्रेकमध्ये ही भानगड नाही. तेल किंवा ग्रीस प्यायलेलं लायनर तर लहरी: कधी घसरतं, कधी उलट झडप घालतं. ते पेट्रोलनं धुऊन परत बसवणाऱ्यांच्या काटकसरीला माझा नमस्कार. गरम झालं की मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. शू बदला, पण आधी गळती बंद करा.

सगळ्यात साळसूद गुन्हेगार म्हणजे रबरी होज, चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी नळी. बाहेरून ठणठणीत, आतून फुगून बंद. ऑइल उशिरा पोचतं, किंवा दाबानं जातं आणि परत येत नाही. ब्रेक सोडल्यावरही चाक जखडलेलं राहिलं, तर होजच्या वरचा धातूच्या पाइपचा जोड सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलनं दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या, बाजूला. तिथे सुटलं नाही, पण चाकाजवळचं ब्लीडिंग निपल (ऑइलमधली हवा काढायचं तोंड) उघडताच सुटलं, तर होज बाद. निपल उघडूनही ढिम्म असेल, तर पिस्टन, शू किंवा शू-ड्रममधलं अंतर जुळवणारा ॲडजस्टर अडकलाय. जोड घट्ट करून ब्लीडिंग केल्याशिवाय, म्हणजे आत शिरलेली हवा काढल्याशिवाय, रस्त्यावर जाऊ नका.

ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळा, मग चाक जेमतेम मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. पेडल जोरात दाबून शू मध्यावर येऊ द्या आणि पुन्हा तपासा. दोन लीडिंग शूंच्या चाकाला असे बहुधा दोन ॲडजस्टर असतात. दुसरा विसरण्याची परंपरा मोठी आहे.

ओढ कधी डावीकडे, कधी उजवीकडे असेल, तर ब्रेकचा नाद सोडून चाकं धरून ठेवणारे भाग, म्हणजे खालचे आर्म, बुश, किंगपिन, बेअरिंग आणि पाट्यांचे यू-बोल्ट, हलवून बघा.

आणि शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. उजवीकडेच नवे घातलेत, तर डावीकडे ओढणाऱ्या गाडीला उजवीकडे ओढायला शिकवाल. नवं लायनर ड्रमच्या गोलाईला बसेपर्यंत थोडी ओढ राहू शकते. मोकळ्या रस्त्यावर ताशी 40-50 किमीवरून मध्यम दाबानं ब्रेक मारा, मध्ये गार होऊ द्या, असं काही वेळा करा. तोवर कुणी कितीही सल्ले दिले, तरी ड्रमला हात लावू नका.