झाड व्हा, म्हणजे तुमचं मत विचारतील

घराजवळच्या पालिका रुग्णालयाचा पुनर्विकास होणार असं कानावर आलंय आणि आपल्यालाही कुणीतरी दोन शब्द विचारावेत असं वाटतंय? मग आधी आरशात बघा. अंगावर पानं आहेत का? खोडाचा घेर टेप लावून मोजता येईल असा आहे का? नसेल तर उगाच आशेवर राहू नका. महाराष्ट्रातल्या शहरात माणसाचं मत घेण्याची कायदेशीर सोय तोकडी आहे. झाडाची बरी आहे.

थट्टा वाटत असेल तर कायदा उघडा. २००६ सालची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आहे. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी घ्या, असं ती सांगते. कोळशाची मोठी खाण किंवा औष्णिक वीज प्रकल्प असेल तर जनसुनावणीही घ्या म्हणते: तीस दिवस आधी जाहिरात, मांडव, माईक, मंचावर जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. इमारतींना मात्र या लोकसल्ल्यातून सूट आहे. रुग्णालय ही इमारतच. त्यात लोक जन्मतात आणि मरतात हा तपशील झाला. नगररचना कायद्याचं कलम ३७ आहे, त्यात महिनाभर सूचना-हरकती मागवतात, पण ते शहराच्या विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तेव्हा. रुग्णालयाच्या जागी रुग्णालयच होणार म्हटल्यावर फेरबदल कसला?

आता १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याबाबतचा अधिनियम बघा. आवारातला एक सोनमोहर पाडायचा असेल तरी वृक्ष अधिकाऱ्याने जातीने जाऊन पाहणी करायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि त्या झाडाच्या अंगावर, दिसेल अशा जागी, नोटीस लावायची. हरकतींसाठी सहसा सात दिवस मिळतात. वर २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आणि झाडाचं जितकं वय तितकी नवी रोपं लावण्याची अट घातली. त्याच आवारात तीस वर्षं झाडू मारणाऱ्या मावशींचं क्वार्टर पाडताना त्यांचं वय मोजून तितक्या खोल्या द्याव्यात असं अजून कुणाला सुचलेलं नाही.

तेव्हा पहिला सल्ला असा की सकाळी फिरायला जाताना मान वर ठेवा. झाडांना खिळे मारू नयेत म्हणून हल्ली मोहिमा निघतात, त्यामुळे नोटीस सुतळीने बांधलेली असते. पावसाळ्यात तिचा लगदा होतो आणि हिवाळ्यात तिच्यावर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात चिकटते. तिथे वाचता आली नाही तर वर्तमानपत्र आहेच. नावात बदल, शेअर सर्टिफिकेट गहाळ, सोसायटीची सदनिका हस्तांतरण, यांच्या मधल्या चौकटीत बघा. भिंग लागेल, ते ओपीडीत नेत्रविभागाकडे मागू नका. तो विभाग तात्पुरता हलवला आहे.

तो का हलवला, हे विचारायच्या आधी ‘प्राथमिक कामे’ ही काय चीज आहे ते समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. मुख्य इमारतीचं काम सुरू व्हायच्या आधी जी कामं होतात ती प्राथमिक. म्हणजे पत्रे ठोकणं, मातीच्या तपासणीसाठी बोअर घेणं, जुनी क्वार्टर्स पाडणं, पाण्याची, मलनिस्सारणाची आणि विजेची लाइन दुसरीकडून फिरवणं, ऑक्सिजनचा पाइप सरकवणं, मुख्य गेट बंद करून मागचं उघडणं, झाडं काढणं. एवढं उरकलं की प्रकल्पाची सुरुवात. तुम्ही पत्रे लागताना गेलात तर सांगतात, अहो, अजून प्रकल्प कुठे सुरू झालाय, ही नुसती तयारी आहे, तुमचं म्हणणं योग्य वेळी ऐकू. प्रकल्प सुरू झाल्यावर गेलात तर सांगतात, आता तर सगळं खणून झालंय, आधी का नाही आलात? या दोन उत्तरांच्या मधे एक दुपार असते. त्या दुपारी साहेब साइटवर असतात.

आवाजाबद्दल तक्रार करणार असाल तर तयारीने जा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. पन्नास म्हणजे दोन माणसं हळू आवाजात बोलतात तेवढं. रिक्षावाल्याने तिथे हॉर्न वाजवला तर पाटीकडे बोट दाखवता येतं. पण खुद्द रुग्णालयाच्या पोटात ब्रेकर आणि पोकलेन सुरू झाले की पाटी कुणाकडे बोट दाखवणार? एक उपाय आहे. ब्रेकर चालवणाऱ्याला हळू आवाजात बोलायला सांगा. तो बिचारा ऐकेल, त्याला ऐकू आलं तर.

धुळीचा विषय मात्र शक्यतो काढू नका. मुंबई पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीची नियमावली काढली आहे. एकरावर जागा असेल तर पस्तीस फूट उंच पत्रे, कमी असेल तर पंचवीस, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून नेणं, सगळं कागदावर चोख. सामान्य बांधकामाला तेवढं पुरतंही. रुग्णालयात अडचण वेगळी आहे. जुनं छत फोडलं, जमीन खणली की धुळीबरोबर अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू उडतात. तुमच्याआमच्या फुफ्फुसांना ते सहसा काही करत नाहीत. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा नुकतं मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला ते मारू शकतात. वॉर्ड आणि साइट यांच्यामध्ये हवाबंद आडोसा हवा, राडारोड्याची वाट पेशंटच्या वाटेपासून वेगळी हवी, नाजूक पेशंट आधी हलवायला हवेत. कुठल्याही संसर्ग नियंत्रण समितीला हे पाठ असतं. निविदेत ते कितव्या पानावर आहे, असा प्रश्न मात्र बैठकीत विचारू नका. चहा थंड होतो.

हो, बैठक! कधीकधी खरंच होते. कायदा सांगत नसला तरी एखादा आमदार सांगतो. कामाच्या दिवशी सकाळी अकराला, सभागृहात, पडद्यावर सादरीकरण. नव्या इमारतीचं चित्र येतं. आकाश निळं. रस्त्यावर एकही रिक्षा नाही. फाटकापाशी केसपेपर धरून उकिडवं बसलेलं कुणी नाही, डबा घेऊन आलेली कुणाची आई नाही. दोन उंच माणसं लॅपटॉपची बॅग घेऊन हिरवळीवरून चाललेली, जणू इथे अपेंडिक्स काढत नाहीत, विमा विकतात. आणि झाडं? आत्ताच्यापेक्षा दाट. चित्रातल्या झाडांना नोटीस लागत नाही.

या बैठकीत तुम्हाला नक्की मत विचारलं जाईल. पत्र्यांवर कुठली चित्रं रंगवावीत, वारली की महापुरुष? तात्पुरत्या गेटला निळी कमान की भगवी? मत द्या, मोकळेपणाने द्या. मात्र खाटा किती वाढणार, त्या चालवायला परिचारिका कुठून येणार, सुपरस्पेशालिटीचे मजले पालिका स्वतः चालवणार की कुणाला चालवायला देणार, याकडे वळलात की सूत्रसंचालक म्हणतील, ‘काका, विषय भरकटतोय.’ आणि तुम्ही काका नसाल, ताई असाल, तर तेवढंही म्हणणार नाहीत, थेट माइक पुढे देतील.

आग्रह धरलात तर एक जुनं अस्त्र बाहेर येईल: ‘म्हणजे तुम्हाला गरिबांसाठी रुग्णालय नकोय?’ इथे भलेभले गप्प बसतात, कारण नवी इमारत हवीच आहे. जे.जे. १८४५चं, नायर १९२०च्या दशकातलं, केईएम १९२६चं. खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकून सलाइन लावलेलं ज्याने पाहिलंय तो नवीन वॉर्ड नको असं म्हणेल कसा? कुणी म्हणतही नाही. लोक विचारतात की नवा होईपर्यंत जुना कुठे चालणार. पण हा प्रश्न विरोधात मोडतो.

पेशंटला का बोलवत नाहीत, असं एखादी भाबडी मुलगी विचारते. अगं, तो स्थानिक नाही. तो पालघरहून आलेला, बीडहून आलेला, आझमगढहून आलेला. चार दिवसांनी बरा होऊन जाणार, नाहीतर तसाच जाणार. त्याचा सल्ला रोज घेतला जातोच: सिक्युरिटीवाला सांगतो, ‘इकडून बंद आहे, तिकडून जा,’ आणि तो तिकडून जातो. मूक संमती याहून स्पष्ट काय असते!

नगरसेवकाकडे जा म्हणाल, तर मुंबईकरांना विचारा. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदानाला जानेवारी २०२६ उजाडला. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. एरवी नगरसेवक सभेत प्रश्न विचारतो आणि प्रशासन उत्तर देतं. इथे दोन्ही कामं एकाच खुर्चीकडे आल्यामुळे वेळेची बचत झाली.

हरकती भारंभार घातल्या तर? संख्येवर फार विसंबू नका. आरे कॉलनीत मेट्रो ३च्या कारशेडसाठी झाडं काढायची होती, तेव्हा ऐंशी हजारांच्या वर हरकती गेल्या. २९ ऑगस्ट २०१९ला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने झाडं काढायला परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती. आता खोटं कशाला बोला, उलटंही घडलंय. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकतींचा इतका पूर आला की सरकारने तो मसुदाच मागे घेऊन नव्याने करायला लावला. असे अपवाद घडतात. त्यांच्या भरवशावर माणसं पुन्हा रांगेत उभी राहतात.

तर रांगेत उभं राहायचंच असेल तर अर्ज कसा लिहायचा ते सांगतो. ऐकतात फक्त झाडाबद्दल, म्हणून सगळं झाडाच्या तोंडून लिहा. ओपीडी कुठे नेणार हा तुमचा खरा प्रश्न असेल, तर लिहा: ‘वृक्ष क्रमांक ४७, पर्जन्यवृक्ष, हा गेली अनेक वर्षं ओपीडीच्या रांगेला सावली देत आहे. रांग अन्यत्र हलवल्यास सदर सावली वाया जाईल, तरी रांग कोठे जाणार याचा नकाशा वृक्षास द्यावा.’ धुळीचं असेल तर वृक्ष क्रमांक ५२च्या पानांवर बसणाऱ्या थराबद्दल लिहा आणि त्याच पानांच्या मागे दुसऱ्या मजल्यावर केमोथेरपीचा वॉर्ड आहे, हे ओघात येऊ द्या. क्वार्टर्सचं असेल तर वृक्ष क्रमांक ६०ला दोरी बांधून वाळत घातलेल्या साड्या कुणाच्या, ते नावानिशी नको, संख्येने कळवा.

दोन प्रती काढा. उद्यान विभागाचा आवक टेबल जेवणाच्या सुट्टीआधी गाठा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घ्या. शिक्का नाही, साहेब रजेवर आहेत म्हणाले तर बसून राहा, शिक्का निघतो. उत्तर आलं तर त्यात बहुधा एवढंच असेल की आपल्या हरकतीची नोंद घेतली आहे. त्याची झेरॉक्स मारून ठेवा, कारण दुसऱ्या टप्प्याची नोटीस लागेल तेव्हा अर्ज तोच चालतो. तारीख तेवढी बदला, आणि झाडांचे क्रमांक. ती झाडं तोवर नसतील.