स्क्रीन काळी म्हणजे बोर्ड मेला असं नाही

'एआरएम बोर्डावर लिनक्स टाकल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर बोर्ड परत करा' हा लेखातला सल्ला कृपया बदला. (एआरएम बोर्ड म्हणजे मोबाइलसारखी चिप असलेला, एकाच पाटीवरचा छोटा संगणक.) एचडीएमआयवर चित्र येणं हा बूटचा, म्हणजे बोर्ड सुरू होण्याचा, फार पुढचा टप्पा असतो. त्याआधी बोर्ड सीरियल पोर्टवर, म्हणजे नुसता मजकूर पाठवणाऱ्या पिनांवर, भरपूर बोलत असतो, फक्त ते ऐकायला त्या पिना पीसीच्या यूएसबीला जोडणारी यूएसबी-टीटीएल केबल लागते. तीनच वायरी जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) आरएक्सला (घेणारी), आरएक्स टीएक्सला. पॉवरची वायर मोकळी ठेवायची, आणि केबल ३.३ व्होल्टची आहे ना, हे आधी बघायचं.

रॉकचिप कंपनीची चिप असलेल्या माझ्या बोर्डाने असेच दोन रविवार खाल्ले. ११५२०० बॉडवर (बॉड हे सीरियलच्या वेगाचं माप) नुसती कचरा अक्षरं यायची. या चिपवर बहुतेक वेळा वेग १५००००० असतो, आणि सीपी२१०२ ही यूएसबी-सीरियल चिप असलेली केबल तिथवर पोचतच नाही. सीएच३४० चिपची लावली आणि यू-बूटच्या (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू करून देणारा प्रोग्राम) ओळी स्वच्छ दिसल्या. 'स्टार्टिंग कर्नल' नंतर मात्र शांतता. कर्नलच्या पॅरामीटर्समध्ये 'अर्लीकॉन' (कर्नलचे अगदी सुरुवातीचे संदेश दाखवणारा पर्याय) घातल्यावर कळलं, डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन, भलत्याच बोर्डाची होती. पीसीवर हार्डवेअरची माहिती फर्मवेअरमधलं एसीपीआय देतं. अशा बोर्डांवर ती कर्नलला बहुधा डिव्हाइस ट्रीच्या डीटीबी फाइलमधूनच मिळते. बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या फाइलचं नाव बदललं, आणि पाचव्या मिनिटाला लॉगिन आलं. लेख नवख्यांसाठी आहे, म्हणून तर केबलचा उल्लेख हवाच होता. चांगले बोर्ड उगाच परत जातात.