मे महिना मुलींचाही आहे

आज सकाळी एका वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरीचं नाव काढा शिबिरातनं." मी विचारलं, का हो, काय झालं? "घरात लग्न आहे, आईला हाताखाली कोणतरी पाहिजे. आणि उन्हातान्हात पोरगी काळी पडती." मुलगी आठवी पास होऊन नववीत जाणार. भाऊ तिच्याहून वर्षानं मोठा. तो कुठंय म्हटलं, तर तो पुण्याला क्रिकेटच्या कोचिंगला गेलाय, महिनाभर. लग्न त्याच्याही घरचंच आहे ना?

फोन ठेवल्यापासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

नव्यानं जोडलेल्यांसाठी सांगते. आम्ही तिघी मैत्रिणी वाई तालुक्यात, धोमच्या बाजूला, एका मैत्रिणीच्या शेतावर दर मे महिन्यात मुलींचं निवासी शिबिर घेतो. वय 12 ते 15. बहुतेक मुली आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकलेल्या. आम्हाला सारखं विचारतात की उन्हाळ्यातच कशाला? दिवाळीत घ्या, थंडी असते.

उन्हाळ्यातच, कारण उन्हाळ्यातच मुली हातच्या जातात. शाळा चालू असते तेव्हा मुलीकडे एसटीचा मोफत पास असतो, दप्तर असतं, घराबाहेर पडायला एक कारण असतं. एप्रिल संपला की कारण संपलं. मुलगा दिवसभर गावभर. मुलगी कुरडया, पापड, सांडगे, धाकटी भावंडं, पाहुण्यांचा चहा, टँकर आला की हंडे. आणि मे महिना म्हणजे लग्नसराई. बालविवाहाचा कायदा 2006 सालचा आहे, 18 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुलीचं लग्न लावता येत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी जूनमध्ये नववीची हजेरी घेताना एखादं नाव पुकारलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "बाई, तिचं लग्न झालं." मी शिक्षिका आहे. हे वाक्य मी ऐकलंय. ते ऐकून पुढचं नाव पुकारायचं असतं, आणि ते जमत नाही.

मला माझ्या आत्याबद्दल सांगायचंय.

आमच्या मळ्यात मोटेची जुनी विहीर होती. सुट्टीत माझा भाऊ आणि चुलतभाऊ पाठीला वाळका भोपळा बांधून तिच्यात पोहायला शिकले. मी काय करायचे? थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडावर, बसून त्यांचे कपडे आणि चपला राखायचे. मला कुणी मारून बसवलं नव्हतं. ती माझी जागाच होती, आणि मला ते वावगंही वाटत नव्हतं. एका दुपारी सगळे जेवायला गेले आणि आत्या धुणं घेऊन आली. माझी आत्या विधवा, कायमची माहेरी राहिलेली, घरात तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. तिनं इकडंतिकडं पाहिलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि मोटेच्या बैलांच्या धावेवरून थेट विहिरीत मुटका मारला. मी किंचाळले. ती वर आली, तोंडावरचं पाणी निपटलं आणि म्हणाली, "वरडतीस काय? ये की."

तिला पोहता येतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कुठं शिकली, कधी शिकली, तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या सुट्टीत पुरुषमाणसं दुपारची कलंडली की ती मला विहिरीवर न्यायची. पोटाखाली हात धरायची. "बोलू नको, पाय मार. अगं, पाय मार की!" नाकातोंडात पाणी जायचं, मी रडायचे, ती रडू द्यायची. गप्प हो म्हणायची नाही, आणि चल घरी असंही म्हणायची नाही. आमच्या शिबिरात जे काही चालतं ते सगळं त्या दोन गोष्टींतून आलंय. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकातलं आमच्याकडे काही नाही.

म्हणजे असं. मुलींना आम्ही पोहायला शिकवतो. शिकवणाऱ्या दोघी पाण्यात असतात, लाइफ जॅकेट असतात, दोर असतो. पण ढकलत कुणालाच नाही. काठावर उभी राहिलेली मुलगी हवा तितका वेळ उभी राहते. मागं वळली तर कुणी हसत नाही, दुसऱ्या दिवशी ती परत उभी राहते. सायकलचं पंक्चर काढायला शिकतात. दोरीचा मल्लखांब शिकतात, हाताला फोड येतात. वाईच्या स्टँडवर जाऊन स्वतः चौकशी करून साताऱ्याची गाडी पकडतात, बँकेत जाऊन स्वतः स्लिप भरतात. पॅड उघड्या फळीवर ठेवलेले असतात, मागावे लागत नाहीत. रोज रात्री गोल करून बसायचं आणि आज काय जमलं नाही ते सांगायचं. सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. पहिल्या रात्री सगळ्या गप्प असतात. तिसऱ्या-चौथ्या रात्री झोपा म्हणून ओरडावं लागतं.

शेवटी कमळगड. वर गडावर कावेची, म्हणजे गेरूची, विहीर आहे, लाल भिंतींची, खडकात कोरलेल्या पायऱ्या उतरत थेट पोटात जाणारी. खाली अंधार आणि गारवा. गेल्या वर्षी सगळ्यांत आधी खाली उतरली ती मुलगी पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगताना पायाकडे बघत होती. तिला आम्ही काही भाषण दिलं नव्हतं. तिला फक्त रोज पडायला जागा मिळाली होती, आणि पडल्यावर "बघ, सांगितलं होतं ना" म्हणणारं कुणी नव्हतं.

"मॅडम, काळी पडती." अहो, पडू द्या!

दर 3 जानेवारीला आपल्या शाळाशाळांत मुलींना नऊवारी नेसवून, कपाळावर आडवी चिरी लावून सावित्रीबाई करतात. नायगाव आमच्या शेजारच्या खंडाळा तालुक्यात. 1848 साली ती बाई पुण्यात मुलींना शिकवायला घराबाहेर पडत होती तेव्हा अंगावर शेण झेलत होती, वय जेमतेम सतरा. जानेवारीत तिचा वेष घालायचा आणि मेमध्ये त्याच मुलीला उन्हात जायची बंदी? साताऱ्याच्या प्रियांका मोहितेचे फोटो स्टेटसला ठेवायचे, 2013 साली एव्हरेस्ट, 2022 पर्यंत आठ हजार मीटरवरची पाच शिखरं. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावली तेव्हा अख्खा जिल्हा टीव्हीसमोर. आपल्या जिल्ह्याच्या लेकी म्हणून छाती फुगवायची. त्या काय सावलीत बसून तिथवर पोचल्या?

हो, मान्य आहे, काळजी खोटी नसते. रस्त्यावर काय चालतं ते मलाही दिसतं. एका शिबिरानं घर बदलत नाही हेही खरं, मुलगी परत त्याच स्वयंपाकघरात जाते. आणि मुलग्यांसाठी असं काही का नाही, असं दरवर्षी विचारणाऱ्यांना सांगते, हवं, नक्की हवं, कुणीतरी काढा.

पण काळजीचं उत्तर म्हणून मुलीला कोंडायचं आणि मुलाला मोकळं सोडायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं? माझ्या आजीलाही काळजीच होती. शेवटी तिला कळलंच. ओल्या केसांवरून कळलं. मला काही बोलली नाही, आत्याला मात्र अंगणात सगळ्यांसमोर बोलली, लाज नाही, रीत नाही, पोरीला बिघडवलीस. आत्या मान खाली घालून उभी होती. त्यानंतर ती विहिरीवर गेली ती फक्त धुणं घेऊन. मला पोहता येतं ते तिनं ऐकून घेतलेल्या बोलण्याच्या किमतीवर येतं. आमच्या शिबिरात कुठल्याही मुलीच्या आईला, काकूला, आत्याला ती किंमत द्यावी लागू नये म्हणून आम्ही लपूनछपून काही करत नाही. वडिलांनाच बोलावतो, विहीर दाखवतो, झोपायची खोली दाखवतो, जेवायला बसवतो. बरेच जण येतात. मुलीला पाण्यात पाहून डोळे पुसणारे बापही मी पाहिलेत, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल.

हे लिहीत असतानाच त्या मुलीच्या आईचा फोन आला. हळू आवाजात, मागं भांड्यांचा आवाज. "ताई, राग मानू नका. लग्न पाच तारखेला उरकतंय. त्यानंतर आली तर चालंल का? मी बोलते त्यांच्याशी." मी म्हटलं, चालेल, कधीही आणा, आणि ते नाही म्हणाले तर मला फोन द्या, मी बोलते. त्या "बरं" म्हणाल्या आणि घाईनं फोन ठेवला. माझा राग या बाईंवर कधीच नव्हता, आता त्या वडिलांवरचाही थोडा उतरलाय. उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन येणार आहे.

आता मदत मागते. इथं बरेच बाबालोक वाचतायत, तुमच्यापैकी कुणी वाई, खंडाळा, जावळी भागात असाल आणि तुमची मुलगी कुठल्याही शिबिराला जाऊन आली असेल, तर आम्हाला कळवा. बापाशी बाप बोलला की लवकर पटतं, हा आमचा अनुभव आहे. एक डॉक्टर मैत्रीण हवीय, एका संध्याकाळी येऊन मुलींशी पाळीबद्दल मोकळेपणानं बोलेल अशी. आणि बूट. अर्ध्या मुली चपलांवर गड चढायला येतात. तीन, चार, पाच नंबरचे वापरलेले स्पोर्ट्स शूज घरात पडून असतील तर द्या. तळवा निसटलेले नकोत, बाकी नाड्या वगैरे आम्ही आणतो.