रोपवे फक्त देवाला आणि पिकनिकलाच का?

आज ऑफिसात डबा खाताना एकाने वाराणसीच्या रोपवेचा व्हिडिओ दाखवला. कॅन्ट स्टेशन ते गोदौलिया, चार किलोमीटरच्या आतलं अंतर, खालच्या गर्दीवरून सरकणारे डबे. सगळे खूश. लगेच आपल्याकडे कुठे कुठे हवा याची यादी सुरू झाली. एलिफंटा, गोराई, सिंहगड. मी म्हटलं, विक्रोळी पार्कसाईटच्या डोंगरावर हवा. एक साहेब हातातला घास खाली ठेवून हसले. "झोपडपट्टीला रोपवे? आता तेवढंच बाकी राहिलंय!"

तिथे गप्प बसले. इथे नाही बसणार.

मी त्याच डोंगरावर वाढले. शेअर रिक्षा पायथ्याशी सोडते, पुढे पायऱ्या. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं, एवढी गल्ली. सिलेंडर वर चढवायचे वेगळे पैसे. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा घरी सोडायला आलेली अ‍ॅम्ब्युलन्स खालच्या नाक्यावरच थांबली. गल्लीतल्या चार पोरांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. जुलै महिना, पायऱ्यांवरून पाण्याचे लोट. छत्री आईच्या हातात होती. ती तिने स्वतःवर धरलीच नाही, खुर्ची उचललेल्या पोराच्या डोक्यावर धरून बसली. त्याच्या डोळ्यांत पाणी गेलं आणि पाय घसरला तर सगळेच खाली, म्हणून.

हे त्या साहेबांना कसं सांगणार?

कोलंबियात मेडेलीन नावाचं शहर आहे. तिथेही गरिबांच्या वस्त्या डोंगरउतारावर. २००४ साली त्यांनी मेट्रो स्टेशनपासून रोपवे काढला तो थेट सांतो दोमिंगोच्या वस्तीत नेला. तिथे ना किल्ला, ना देऊळ. माणसं राहतात म्हणून नेला. बोलिव्हियात ला पाझला तर २०१४ पासून एकेक करत दहा लाइनी झाल्या, सगळ्या मिळून तीसेक किलोमीटर. खाली ला पाझ, वर पठारावर एल आल्तो, मध्ये चारेकशे मीटरचा चढ. बायका बाजाराची गाठोडी घेऊन त्यात बसतात. डबे काही सेकंदांच्या अंतराने येत राहतात, त्यामुळे वेळापत्रक बघायची भानगडच नाही. आणि जागा लागते ती खांबांपुरती आणि स्टेशनांपुरती. आमच्या डोंगरावर रस्ता न्यायचा म्हटलं तर किती घरं जातील, विचार करा.

हो, माहीत आहे, एका तासात एका बाजूला तीनेक हजार माणसं जातात, लोकलपुढे काहीच नाही. पण विरार-चर्चगेट रोपवे कोण मागतंय? झारखंडातल्या देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर २०२२ ला झालेला रोपवेचा अपघात, तोही माहीत आहे. लोक रात्रभर हवेत लटकले, माणसं गेली. भीती वाटतेच. पावसाळ्यातल्या त्या पायऱ्यांची तुम्हाला वाटत नाही, कारण तुम्ही त्या चढलेला नाहीत.

ब्राझीलमधल्या रिओचं मात्र खरंच लागतं मनाला. तिथल्या आलेमाओ या डोंगरावरच्या गरीब वस्त्यांवर २०११ ला रोपवे सुरू केला, २०१६ ला ऑलिम्पिक झालं आणि बंद पडला. आधी गटारं द्या म्हणणारे तिथेही होते. बरोबर होते ते. आमच्याकडेही आधी दरडीखालची घरं हलवा, माझी ना नाही. २०२१ च्या जुलैत विक्रोळीच्याच सूर्यनगरला दरड कोसळून काय झालं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. पण पुनर्वसन होणार, होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. तोवर चढायचं कसं?

रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे. वणीला २०१८ पासून ट्रॉली आहे. म्हाताऱ्या माणसांना देवीच्या पायऱ्या झेपत नाहीत हे सरकारला कळतं. छान आहे ती ट्रॉली, आई जाऊन आली, आठवडाभर तेच सांगत होती. म्हणजे बघा, देवीला जायला खुर्ची लागली नाही, स्वतःच्या घरी जायला लागली. टाके काढायला जायचं होतं तेव्हा पुन्हा तीच खुर्ची, तीच पोरं. पैसे घेईनात. आईने चहा आणि बटर खायला घातले. गोड पोरं होती हो. त्यांतला एक आता पार्सलं पोचवतो. वरची ऑर्डर असली की गिऱ्हाईकालाच खाली बोलावतो, आणि मी त्याला काय बोलणार?

"मेंटेनन्स कोण करणार" असं खाली लिहायला निघालेल्यांनी आपल्या बिल्डिंगची लिफ्ट तासभर बंद पडल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर काय काय टाकलं होतं ते आधी वाचून यावं.

आणि सेल्फी पॉइंट करणार असाल तर नकोच. लंडनने २०१२ ला थेम्सवर बांधलाय तसला, त्यात बहुतेक पर्यटकच बसतात. आम्हाला बेस्टच्या तिकिटात हवा, बेस्टचा पास चालणारा. भाजीची गोणी घेऊन चढता आलं पाहिजे. रात्रपाळीवरून येणाऱ्या बाईला शेवटचा डबा मिळाला पाहिजे. एवढं कबूल असेल तर सर्व्हेला या. पावसात या. पायऱ्या दाखवायला मी येते.