ओढतो झकास, पण थांबायचं कुठे?

मी अमेरिकेत राहतो, आणि भारतातल्या मावसभावाने परवा एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला कुणीतरी इलेक्ट्रिक पिकअपला मोठा बंद ट्रेलर जोडून हायवेला लागतो आणि रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, कशी निम्म्यावर येते ते स्क्रीनवर दाखवत बसतो. खाली भावाची एक ओळ, "बघ दादा, तुमच्याकडेच फेल गेलंय, मग आमच्या गळ्यात कशाला मारतायत?"

त्याचे सहा ट्रक आहेत, न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलून चाकण पट्ट्यात टाकायचे आणि मिळालं तर परतीचं भाडं घेऊन यायचं, हा धंदा. त्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपमध्ये गेले काही महिने इलेक्ट्रिक ट्रकवरून वाद पेटलाय, कारण केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ पासून मोठ्या ट्रकना पण अनुदान जाहीर झालं, एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार. अर्धे म्हणतायत घेऊन बघू, अर्धे म्हणतायत अमेरिकेला जमलं नाही ते आपल्या खड्ड्यात काय जमणार. आणि पुरावा म्हणून हे असले व्हिडिओ.

व्हिडिओ खोटा नाही हे मी त्याला आधीच सांगितलं. मी डेन्व्हरला राहतो, माझ्याकडे इलेक्ट्रिक पिकअप आहे, आणि गेल्या वर्षी एका मित्राचं सामान घेऊन मी डेन्व्हरहून ग्रँड जंक्शनला गेलो होतो, चारशे किलोमीटरला थोडं कमी. मागे भाड्याचा बंद ट्रेलर, आत सोफा, पलंग, कपाटं, सगळं मिळून गाडी-ट्रेलर साडेपाच टन. निघताना बॅटरी फुल्ल. डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे आणि रस्ता चढत चढत आयझेनहॉवर बोगद्याला ३,४०० मीटरवर जातो. चढताना गाडी कुठे दमली म्हणाल तर अजिबात नाही, शेजारून डिझेलचे मोठे ट्रक धापा टाकत लेन धरून चालले होते आणि मी आपला आवाज न करता वर, ओढायच्या ताकदीबद्दल तक्रारीला जागाच नाही. पण नुसतं तेवढं वजन अठराशे मीटर उचलायला २७ युनिट लागतात, हा शाळेतल्या फिजिक्सचा हिशेब आहे, तो कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही, त्यात वर ट्रेलरचं सपाट तोंड हवा कापत नाही तर ढकलत जातं. बोगदा आला तेव्हा बॅटरीत जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता.

पलीकडच्या गावात चार्जिंगला थांबलो आणि तिथे खरी पंचाईत कळली. चार्जर असतात कारच्या पार्किंगसारखे, तोंड आत घालून लावायचे. मागे ट्रेलर असला की तो अख्खा रस्ता अडवतो, म्हणजे आधी ट्रेलर सोडा. चाकांखाली अडसर लावा, पुढचा जॅक फिरवून ट्रेलर हिचवरून, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावरून, वर उचला, सेफ्टीच्या साखळ्या काढा, दिव्यांची वायर काढा, गाडी पुढे घ्या, वळवा, चार्जरला लावा, आणि चाळीस-पन्नास मिनिटांनी हेच सगळं उलटं करा, थंडीत, हातमोजे घालून त्या साखळीची कडी लागत नाही म्हणून हातमोजे काढून. चार्जर मोकळा मिळूनही माझा त्या थांब्यावर जवळपास दीड तास गेला आणि त्यातला अर्धा-पाऊण तास नुसता सोडण्या-जोडण्यात. ट्रेलरसकट सरळ आत घुसून सरळ बाहेर पडता येईल असे चार्जर आता बांधताहेत, पण अजून मोजकेच आहेत. पेट्रोल पंपावर हा प्रश्न कधी आलाच नाही कारण पंप मुळात आरपार जाण्यासाठीच बांधलेले असतात.

तर निम्मी रेंज होते हे खरंच, पण का होते ते बघा. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटची होती, एवढी ऊर्जा साधारण पंधरा लिटर पेट्रोलमध्ये मावते. पंधरा लिटर! तेवढ्यात ती जड गाडी कागदावर ५१५ किलोमीटर जायची. पेट्रोलचं इंजिन टाकीतल्या ऊर्जेतला दोन तृतीयांश भाग उष्णता म्हणून फेकून देतं, पण टाकीच इतकी मोठी असते की ट्रेलर लावल्यावर मायलेज धाडकन पडलं तरी कुणी व्हिडिओ काढत नाही, पाच मिनिटात टाकी भरून पुढे जातात. इलेक्ट्रिकमध्ये वाया जाणारं फार नसतं, म्हणून जास्तीचं काम सांगितलं की ते लगेच थेट आकड्यात दिसतं. आणि सपाट हायवेवर बॅटरी खरी खातं ते वजन नाहीच, हवा आहे. तेवढ्याच वजनाचा बुटका उघडा ट्रेलर लावून बघा, बंद पेटीपेक्षा बरीच कमी बॅटरी जाते.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला मात्र वर्षातून चार वेळा का होईना, ट्रेलर लावून पाचशे मैल न थांबता जायचंच असतं, निदान जाता येईल ही खात्री हवी असते. ती मिळेना, वर किंमत जास्त, आणि सप्टेंबर २०२५ अखेर साडेसात हजार डॉलरची सरकारी करसवलत पण संपली. रॅम कंपनीने त्याच महिन्यात आपला पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप रद्द केला, फोर्डने डिसेंबरमध्ये लाइटनिंगचं पूर्ण इलेक्ट्रिक मॉडेल बंद करून पुढचं मॉडेल सोबत जनरेटर घेऊन चालणारं करायचं जाहीर केलं. मला वाईट वाटलं, पण ज्याला अधूनमधून लांब ओढायचं आहे त्याच्यासाठी जनरेटरवाला उपाय बरोबर आहे असं मला स्वतः ओढून बघितल्यावर वाटतं.

पण इथून उडी मारून "म्हणजे इलेक्ट्रिक ट्रक चालत नाहीत" असं म्हणणं हे साफ चूक आहे, आणि माझा सगळा राग या उडीवर आहे. शनिवार-रविवारी ट्रेलर ओढणारा पिकअप आणि रोज त्याच रस्त्याने माल नेणारा ट्रक, या दोघांचं काम वेगळं. टेस्लाचा सेमी, म्हणजे कंटेनर-ट्रेलर ओढणारा मोठा इलेक्ट्रिक ट्रक, २०१७ ला दाखवला आणि पहिल्या गाड्या पेप्सिकोला मिळाल्या त्या थेट डिसेंबर २०२२ मध्ये, पाच वर्षं लोक हसले. पुढच्याच वर्षी एका खुल्या चाचणीत त्यातल्या एका ट्रकने मधे चार्ज करत एका दिवसात १,०७६ मैल काढले. ते जमलं कारण पेप्सिकोने आपल्याच डेपोत, ट्रक जिथे परत येतो तिथे, चार्जर लावले होते. ओढायची ताकद त्या पिकअपच्या पण अंगात होती आणि सेमीच्या पण, पण सेमीला थांबायला जागा होती.

आता भावाचा रस्ता घ्या. न्हावा शेवा ते चाकण साधारण १२०-१३० किलोमीटर, रोज तोच. आपल्याकडे मालट्रकला एक्सप्रेसवेवर पण वेगमर्यादा ताशी ८०, इथे लोक ट्रेलर घेऊन १०५ ने सहज जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०५ वर गेलं की तो सत्तर टक्क्यांनी जास्त. जे अमेरिकन पिकअपला खातं ते आपल्याकडे मुळातच कमी आहे. भरल्या कंटेनर ट्रकला किलोमीटरला दीड युनिट धरलं तर एका बाजूला दोनशेच्या आसपास युनिट, वर घाटाचे वेगळे. म्हणजे तीनशेच्या पुढची बॅटरी हवी, तिचं वजन दोन टनांच्या घरात जाईल आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिझेल टाकी गेल्याने त्यातलं थोडं परत मिळेल. उरलेलं वजन पासिंगमधून, म्हणजे ट्रकला परवानगी असलेल्या वजनातून, जाणार, आणि "दादा, ते भाड्यातून जातं" हे भावाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. अमेरिकेत कायद्याने इलेक्ट्रिक ट्रकला ८०,००० पौंडाच्या मर्यादेवर आणखी २,००० पौंड, म्हणजे नऊशे किलो, जास्त वजनाची मुभा आहे. अशी मुभा आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी मागायला हवी, ग्रुपमध्ये व्हिडिओ फिरवण्यापेक्षा.

आणि घाट. याबद्दल कुणीच बोलत नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय.

बोगद्यानंतर माझा उतार सुरू झाला, सहा-सात टक्क्यांचा, कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी खडी भरलेले चढ बांधलेत, म्हणजे रस्ता कसा आहे समजा. पाय ब्रेकवर न ठेवता गाडी स्वतः वेग धरून उतरली, मोटर उलटी जनरेटर होऊन साडेपाच टनाला मागे ओढत होती, आणि खाली पोचलो तेव्हा बॅटरी दोन-तीन टक्के वाढलेली. पुढचा एक डिझेल ट्रक उतरत होता त्याच्या चाकांमधून जळक्या ब्रेकचा वास माझ्या काचेतून आत येत होता. मला तेव्हा बोरघाट आठवला, कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आठवला, जिथे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात आणि ब्रेक तापून हातातून जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच नवले पुलाजवळ कंटेनर ट्रकने पुढच्या गाड्या चिरडल्या, आग लागली, माणसं गेली. ब्रेक फेल झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. इलेक्ट्रिक ट्रकने सगळे अपघात थांबतील असं मी म्हणत नाही, साधे ब्रेक त्यालाही लागतातच, पण ज्या ट्रकला उतारावर न्यूट्रल मारण्यात नुकसान आहे आणि गिअरमध्ये उतरण्यात कमाई, त्या ट्रकचा ड्रायव्हर न्यूट्रल का मारेल? चाळीस टनाचा ट्रक पाचशे मीटर उतरतो तेव्हा ५४ युनिट सुटतात, आज त्यातले बरेचसे ब्रेक लायनरमध्ये जळतात. फक्त एक लक्षात ठेवा, घाटाच्या वरच्या तोंडाला बॅटरी शंभर टक्के भरू नका, मग उतरताना परत आलेली वीज ठेवायला जागाच राहत नाही आणि तो ब्रेकिंगचा जोर मिळत नाही. म्हणजे चार्जर लोणावळ्यात वर नको, खाली खोपोलीकडे किंवा बंदरात हवेत. हे ठरवणाऱ्याने एकदा तरी भरल्या ट्रकमध्ये बसून घाट उतरलेला असावा.

बंदरात सुरुवात झालीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये न्हावा शेवाला बंदराच्या आतल्या कामासाठी बॅटरी बदलता येणारे ५० मोठे इलेक्ट्रिक ट्रक आले. त्याच पद्धतीने मुंबई-पुणे मार्गासाठी चाकणला बॅटरी बदलायचं स्टेशन पण आलंय. रिकामी बॅटरी काढायची, भरलेली लावायची, ट्रक उभा राहत नाही. चीनमध्ये खाणी, बंदरं, पोलाद कारखान्यांचे ट्रक अशाच पद्धतीने मोठ्या संख्येने चालतायत, आणि खरं तर आपण अमेरिकेतले पिकअप बघण्यापेक्षा तिकडे बघायला हवं, मी इथे राहून हे म्हणतोय.

मग भावाची भीती खोटी का? नाही. अनुदान घ्यायला जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला लागतो, आणि ज्याचा घरचा सगळा खर्च त्या एका जुन्या ट्रकवर आहे तो हप्ते फिटलेला ट्रक मोडून नवीन कर्ज कशाच्या जोरावर घेणार? बॅटरीला पाच वर्षं किंवा पाच लाख किलोमीटरची वॉरंटी अनुदानाच्या अटीतच आहे, हे चांगलं आहे, पण जुना डिझेल ट्रक विकायला गेलं की किंमत दारात कळते, जुन्या इलेक्ट्रिक ट्रकचा बाजारच अजून तयार नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पीएम ई-ड्राइव्ह जाहीर झाली तेव्हा सार्वजनिक चार्जरसाठी २,००० कोटी ठेवले, ७२,३०० चार्जर म्हटले, त्यात कारला २२,१००, बसला १,८००, दुचाकी-तीनचाकीला ४८,४००. ट्रकचा वेगळा आकडाच नव्हता. ट्रकला अनुदान द्यायचं आणि ट्रक उभा राहील असा चार्जर मोजायचाच नाही, ही तर मी त्या थंडीत साखळ्या सोडताना भोगलेलीच चूक आहे, फक्त चाळीस टनाची. कंटेनर ट्रकने कारच्या चार्जरवर ट्रेलर सोडून लावायचं म्हटलं तर तो ट्रक दुसऱ्या दिवशी डिझेलवर परत जाईल.

भावाला मी एवढंच म्हटलं, रेंज विसर, तुझा ट्रक दिवसात कुठे कुठे आणि किती वेळ उभा राहतो ते मला सांग. तो म्हणाला, "असं कोण लिहून ठेवतं दादा." म्हटलं, आठवडाभर ठेव. बंदराच्या गेटबाहेरची रांग, पार्किंग, चाकणला कंपनीच्या गेटवर माल उतरायची वाट, जेवण, झोप. काल त्याने ड्रायव्हरच्या हातचा कागद फोटो काढून पाठवला, चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने लिहिलेला. पहिलीच ओळ: बंदर गेट, पहाटे ४ ते सकाळी ९, इंजिन चालू-बंद. पाच तास. एवढ्या वेळात मध्यम ताकदीचा चार्जर असता तरी ट्रक चाकणला जाण्याइतका भरला असता. खाली भावाने विचारलंय, "हे कुणाला दाखवायचं?" बंदराला, आरटीओला, त्यांच्या संघटनेला, कुणाला आधी ते आज रात्री फोनवर ठरवणार आहोत.