नाव जनतेचं, बँक लेकीजावयाची

भाचा कझाकस्तानात अल्माटीला एमबीबीएस करतोय, परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला मामा, हलिक बँकेत खातं काढलं. हलिक म्हणजे कझाक भाषेत जनता. म्हटलं अरे, ही जनता म्हणजे कोण माहितीय का? माजी राष्ट्राध्यक्ष नजरबायेवची मधली लेक दिनारा आणि जावई तिमूर कुलिबायेव!

ही मूळची सोव्हिएत काळातली सरकारी बचत बँक बरं का, म्हणजे आपल्याकडं पोस्टात खातं असतं ना तसं. नव्वदच्या दशकात ती थोडी थोडी करून विकायला काढली आणि 2001 ला सरकारनं उरलेला हिस्सापण विकून टाकला. आता लोक म्हणतात कम्युनिझम गेला, बाजार खुला झाला. पण मला सांगा, जिथं सत्तर वर्षं कुणाच्या नावावर साधा कारखाना नव्हता तिथं बँका नि तेल कंपन्या घ्यायला एकदम पैसा आला कुठून? पैसा नव्हताच हो, सही होती. आणि सहीवाला कोण, तर हाच नजरबायेव, 1989 पासून तिथल्या कम्युनिस्ट पार्टीचा प्रमुख, तोच पुढं 2019 पर्यंत राष्ट्राध्यक्ष. 2010 ला तर कायदाच केला, साहेबांवर खटला नाही आणि घरच्यांच्या मालमत्तेलापण हात लावायचा नाही.

जावयानं 2007 ला इंग्लंडच्या प्रिन्स अँड्र्यूचा बंगला घेतला. मागत होते 1 कोटी 20 लाख पाउंड, यानं दिले दीड कोटी. आपण कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपयांवरून वाद घालतो राव.

आणि तेल निघतं त्या झानाओझेन गावात काय, तर 2011 ला संपावरच्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि 2022 च्या जानेवारीत गाडीत भरायचा गॅस दुप्पट महाग झाला म्हणून तिथंच ठिणगी पडली. देशभर पसरलं, सरकारी आकड्यानुसारच 238 माणसं गेली. तेव्हा नवे राष्ट्राध्यक्ष तोकायेव बोलले की पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या कृपेनं काही लोक जगाच्या मापानंसुद्धा श्रीमंत झालेत, आता त्यांनी जनतेचं देणं द्यावं. त्यासाठी फंड काढला, त्याच्या नावातपण परत तेच, हलिक! मी मात्र एवढंच बघतो की 2001 ला बँकेचा शेवटचा सरकारी हिस्सा विकला तेव्हा पंतप्रधान हेच तोकायेव होते.

भाचा विचारतो, मग खातं बंद करू का? म्हटलं गप, पुढच्या सेमिस्टरची फी कुठून भरशील.