'बोला' म्हणता, पण कुठे ते सांगत नाही

दर वर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आमच्या शाळेत भित्तिपत्रकांची स्पर्धा असते. गेल्या वर्षी परीक्षक म्हणून मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होतो. 'मन मोकळे करा', 'एकटे राहू नका, बोला', 'सकारात्मक विचार करा' अशी वाक्ये वळणदार अक्षरांत लिहिलेली होती, भोवती सूर्यफुले होती. परंतु कोणाशी बोलायचे, कोणत्या दाराशी जायचे, तिथे किती पैसे लागतात आणि आत गेल्यावर काय विचारतात, यांपैकी एकही गोष्ट कोणत्याही कागदावर नव्हती. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा पाच आकडी क्रमांकही नव्हता. मुलांचा यात काहीच दोष नाही, कारण त्यांना ही वाक्ये आम्हीच पुरवली होती. तरीही मला राग आला, आणि त्या रागाचे कारण असे की योग्य दार सापडेपर्यंत माझ्या आयुष्यातील आठ महिने गेले होते.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी गणित शिकवतो. वय सत्तेचाळीस. २०२३ च्या दिवाळीनंतर मला पहाटे तीनच्या सुमारास अचानक जाग येऊ लागली. छातीत धडधड व्हायची, हातापायांना मुंग्या यायच्या, श्वास पुरत नसे आणि आता आपण मरणार याची त्या दहा-पंधरा मिनिटांपुरती पक्की खात्री वाटायची. दिवसा फळ्यासमोर उभा असलो तरी मन लागत नसे. पत्नीला मी एवढेच सांगत असे, "घाबरं होतंय." आपल्या भाषेत मनाचे दुखणे बहुधा शरीराच्याच शब्दांत बोलले जाते, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, अंगातले बळ गेल्यासारखे होते. तेव्हा अशा माणसाने आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जावे यात नवल नाही, आणि ते चुकीचेही नाही. ईसीजी, टूडी इको आणि थायरॉइडची रक्ततपासणी झाली. ती व्हायलाच हवी होती, कारण थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तरी धडधड, थरथर आणि बेचैनी होते.

चूक झाली ती त्यानंतर. सगळे अहवाल चांगले आले, डॉक्टरांनी फाइल परत दिली आणि सांगितले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." मला वाटते, मनाच्या आजाराच्या वाटेवर सर्वांत जास्त माणसे याच वाक्यापाशी परत फिरत असावीत. हृदयाला काही झालेले नव्हते हे खरे, पण मला काहीतरी झालेलेच होते. ते कोणाचे काम आहे हे सांगण्याऐवजी मला रात्री घेण्यासाठी झोपेची गोळी लिहून देण्यात आली. चिठ्ठी महिनाभराची होती. औषधाच्या दुकानात तीच चिठ्ठी दाखवून मी चार महिने गोळ्या आणल्या आणि कोणीही मला अडवले नाही. बेन्झोडायझेपाइन गटातील या गोळ्या थोड्या आठवड्यांपुरत्या द्यायच्या असतात, पुढे त्यांची सवय लागते आणि त्या एकदम बंद केल्या तर त्रास वाढतो, हे मला फार उशिरा कळले.

मधल्या काळात आईने गाणगापूरचा आग्रह धरला आणि आम्ही गेलोही. शिकलेला, विज्ञानवादी म्हणवणारा माणूस तिथे गेला याची काही सहकाऱ्यांनी नंतर थट्टा केली, पण मला त्याची लाज वाटत नाही आणि आईवर रागही नाही. माझे दुखणे मनाचे आहे हे घरात सर्वांत आधी तिने ओळखले होते. कोणती गाडी, कोणता वार, राहायची सोय कुठे, खर्च किती, हे सगळे तिला तोंडपाठ होते. तिच्याजवळ एकच पत्ता होता आणि तो तिने मला दिला. सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभागाचा पत्ता इतक्या तपशिलाने सांगणारा एकही माणूस आमच्या नात्यात नव्हता. गुजरातमधील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारात मानसोपचाराचा दवाखाना चालवला गेला आणि तिथल्या मुजावरांनी दुआ देतादेता माणसे डॉक्टरांकडे पाठवली. 'दवा आणि दुआ' या नावाने तो उपक्रम ओळखला जातो. लोक ज्या वाटेने आधीपासून जातात त्या वाटेवरच डॉक्टरने बसावे, ही कल्पना मला भाषणांपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.

यानंतर मी मोबाइलवर शोधू लागलो. मराठीत टाइप केले की श्वासाचे व्यायाम, 'नकारात्मक विचार दूर करण्याचे सात उपाय' आणि कोणत्यातरी काढ्याची जाहिरात पुढे येई. इंग्रजीत माहिती भरपूर होती, पण ती वाचून मला आठवड्याभरात चार वेगवेगळे आजार असल्याची शंका येऊ लागली. नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मी पाच वेळा भरली. ती चांगली आहे, जगभर डॉक्टर ती वापरतात, पण ती केवळ चाळणी आहे. निदान माणूस माणसासमोर बसूनच होते. शेवटी एका 'माइंड कोच'ना व्हिडिओ कॉलवर तासाला पंधराशे रुपये देऊन तीन वेळा भेटलो. त्यांनी मला आरशासमोर उभे राहून स्वतःला विजेता म्हणायला सांगितले. गणिताच्या शिक्षकाला हे फार जड गेले.

तेव्हा मला जे माहीत नव्हते ते इथे सविस्तर लिहितो, कारण या गोंधळात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे डॉक्टर नसतात, ते औषध लिहीत नाहीत, पण चाचण्या आणि मानसोपचाराच्या पद्धती यांचे त्यांचे शिक्षण दीर्घ असते आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक हा शब्द मात्र फार ऐसपैस आहे. त्यात मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसे आहेत आणि दोन आठवड्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलीही आहेत. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला असला, तरी आज आपल्यासमोर बसलेल्या व्यक्तीचे शिक्षण काय आहे हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावरच येते. तसे विचारणे उद्धटपणाचे नाही. ज्याला त्याचा राग येतो, त्याच्याकडून उठून यावे.

मला वाट दाखवली ती आशाताईंनी. त्या आमच्या गल्लीत लसीकरणाची यादी घेऊन आल्या होत्या, आणि बोलता बोलता पत्नीने त्यांना सांगितले की यांना महिनोन्महिने झोप नाही. आशाताई दारातच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सर, सिव्हिलला मनाच्या आजाराचा वेगळा विभाग आहे की. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. उगं अंगावर काढू नका." विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून ही माहिती आमच्या भागात आशाताईंपर्यंत पोहोचलेली आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर देशात १९९६ पासून आहे. म्हणजे जे मी आठ महिने शोधत होतो, ते माझ्या नोकरीच्याही आधीपासून अस्तित्वात होते.

सिव्हिलमध्ये पहिल्या दिवशी काय झाले ते सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे केसपेपरलाही पैसे लागले नाहीत. दोन तास बाकावर बसावे लागले. आतल्या डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी झोप, भूक, वजन, काम, दारू-तंबाखू, घराण्यात कोणाला असा त्रास होता का आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत हे क्रमाने विचारले. मग तितक्याच साध्या आवाजात विचारले, "जगू नये असं वाटतं का? जीव द्यावा असा विचार येतो का?" असा प्रश्न विचारला की तो विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची समजूत खरी नाही. माझ्यापुरते सांगायचे तर त्या प्रश्नाने मला प्रथमच मोकळे रडू आले, कारण जे मी पत्नीलाही सांगितले नव्हते ते कोणीतरी रक्तदाब विचारावा तसे विचारले होते.

घाबरेपणाचे झटके आणि त्यासोबत नैराश्य, असे निदान झाले. झोपेची गोळी एकदम न तोडता हळूहळू कमी करायचे ठरले आणि दुसरे औषध अगदी थोड्या मात्रेने सुरू झाले. डॉक्टरांनी आधीच बजावले होते की पहिले काही दिवस मळमळेल, बेचैनी कदाचित थोडी वाढेल आणि गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतील. हे सांगितले नसते तर मी पाचव्या दिवशी गोळ्या टाकून दिल्या असत्या. सहाव्या रात्री फारच अस्वस्थ झालो, तेव्हा विभागात मिळालेल्या कागदावरचा १४४१६ हा क्रमांक लावला. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि भाषा निवडताना मराठी निवडता येते. पलीकडच्या बाईंनी चमत्कार केला नाही. मी सुरक्षित आहे का, घरात कोण जागे आहे, औषध कधी सुरू झाले हे विचारले, वीस मिनिटे माझ्याशी शांतपणे बोलल्या आणि सकाळी विभागात फोन करून कळवायला सांगितले. पहाटे तीन वाजता एवढे पुष्कळ होते.

पाचव्या आठवड्यात मी सलग सहा तास झोपलो. पुढे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी एक वही घालायला लावली, तिच्यात तीन रकाने होते: काय घडले, त्या क्षणी मनात कोणता विचार आला आणि त्याने काय वाटले. धडधड झाली, 'मी मरतोय' असा विचार आला, म्हणून आणखी भीती वाटली आणि भीतीने धडधड आणखी वाढली. हे चक्र स्वतःच्या हस्ताक्षरात दहा-बारा वेळा पाहिल्यावर त्याचा धाक कमी झाला. आरशासमोर विजेता होण्यापेक्षा हे मला बरेच जमले.

आता थोडे रागाविषयी. मनाच्या आजारांवर उपचार का होत नाहीत असे विचारले की सगळे वक्ते 'लोकलज्जा' हे एकच उत्तर देतात. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या आजारांनुसार, ७० ते ९२ टक्के माणसे उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली स्थिती फार वेगळी असेल असे मला वाटत नाही. देशात एक लाख लोकसंख्येमागे पुरा एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. लाज असते, मी ती नाकारत नाही. मात्र माझ्या आठ महिन्यांत लाजेचा वाटा फार तर महिन्याभराचा होता. बाकीचा काळ केवळ ठाऊक नसण्यात गेला. सगळा दोष लाजेवर ढकलला की तो अलगद रुग्णावर येतो, आणि ज्यांनी फलक लावायचा, आठवड्याचे वार कळवायचे, प्राथमिक आरोग्य केंद्रात माहितीचा कागद ठेवायचा, ती यंत्रणा नामानिराळी राहते.

ज्यांना नोकरीची किंवा बदनामीची भीती आहे, त्यांनी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा जरूर समजून घ्यावा. आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तो देतो. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यावे असे तो सांगतो. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मात्र पुष्कळ विमा योजनांत नसतो, तेव्हा अटी वाचाव्यात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षेपासून वाचवतो. पोलीस प्रकरण होईल या धास्तीने अशा माणसाला घरातच लपवून ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे वडील घरी आले. सोयाबीनच्या भावाविषयी अर्धा तास बोलले, चहा झाला, आणि चप्पल घालताना म्हणाले, "सर, रातच्याला लई घाबरं व्हतंय." मी त्यांना पुन्हा बसवले आणि वहीचे पान फाडून लिहून दिले: सिव्हिलच्या कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, कोणत्या वारी, केसपेपर किती वाजेपर्यंत मिळतो, चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि जुने अहवाल सोबत न्यावेत, घरचे एक माणूस बरोबर असावे, आणि खाली ठळक अक्षरांत १४४१६. त्यांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि हळूच विचारले, "तिथं कुणी वळखीचं भेटलं तर वो?"

मी म्हणालो, "मीच भेटेन. माझी तारीख पण बुधवारचीच असते."